फाल्गुनातच विहीर तळाला गेली: पाणी काजूला द्यावे की गुरांना?

मोरडावरचा | १० मार्च, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगराच्या उताराला आमची चार एकर काजूची बागायत आहे. झाडे ३२० च्या आसपास. निम्मी वडिलांनी बी टाकून वाढवलेली गावठी, बाकीची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमे. गोठ्यात दोन संकरित गायी आणि एक गावठी पांढरी गाय, आजीच्या वेळेपासून चालत आलेल्या वंशातली.

यंदा थंडी आली कधी आणि गेली कधी, कळलेच नाही. जानेवारीतला मोहर बघून सगळे खूश होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन असे तापायला लागले की दुपारी सड्यावर (उघड्या कातळावर) अनवाणी पाय ठेववत नाही. पहिल्या मोहराच्या बिया धरल्या, पण दुसऱ्या मोहराची वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळे काळी पडून गळताहेत. जमिनीत कुदळ मारली तर दगडावर मारल्यासारखा आवाज येतो. दोन्ही संकरित गायी मिळून १६ लिटर दूध द्यायच्या, आता ११ वर आल्या आहेत. पाच गुंठे नेपियर (वैरणीचे गवत) आहे, तोही पिवळा पडत चालला आहे.

विहिरीत आज चार हात पाणी. पंप थोडा वेळ चालतो, मग हवा ओढतो. टाकीत सोडून मोजले, दिवसाला साधारण ४००० लिटर मिळते, त्याच्यावर नाही.

घरात दोन मते आहेत. भाऊ म्हणतो, वर्षाचे पैसे काजूचे, पाणी काजूला जाऊ दे, वैरण विकत आणू. आई म्हणते, झाड उभे राहून सोसते, दावणीला बांधलेल्या गुराने कोणाकडे जायचे? मला दोघांचेही पटते आणि म्हणून झोप लागत नाही. ज्यांनी असा फाल्गुन काढला आहे त्यांनी कृपया सांगा.

---

पाटावरची_सून | १० मार्च, रात्री ९:५२

आईंचे बरोबर आहे. आधी गुरे.

आमचे सावईवेऱ्याला कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. तिथेही यंदा पाटाचे पाणी बारीक झाले आणि आमची पाळी चार दिवसांची सहा दिवसांवर गेली. पोफळीला पाणी तुटलेले चालत नाही, झावळ्या लगेच मलूल होतात. तरी सासूबाई सकाळी आधी गोठ्यातली डोण भरतात आणि मगच पाटाची फळी काढतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले आहे.

---

डिचोली_ते_दुबई | १० मार्च, रात्री १०:०५

वाचतोय. बोंडूचा (काजूच्या फळाचा) वास इथपर्यंत आला.

---

आकडेमोड | १० मार्च, रात्री ११:३०

मोरडावरचा, तुम्ही पाणी मोजले आहे, म्हणून पुढचा हिशेब करून टाकतो. पंधरवडा धरू.

४००० गुणिले १५, म्हणजे ६०,००० लिटर.

तीन गुरांचे पिणे, धुणे, उन्हात अंगावर मारायचे पाणी मिळून रोज ५०० लिटर धरा: ७५०० लिटर. घराला तेवढेच, आणखी ७५००. पाच गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. एका भिजवणीला तीन सेंटिमीटर पाणी दिले तरी १५,००० लिटर लागते. दहा दिवसांनी एकदा म्हटले तर पंधरवड्याला २२,५००. बेरीज झाली ३७,५००. उरले २२,५०० लिटर.

काजूची शिफारस जानेवारी ते मार्च दर १५ दिवसांनी झाडाला २०० लिटर अशी आहे. ३२० झाडांना ६४,००० लिटर लागतील. गायी विकल्या आणि घरातल्यांनी अंघोळ सोडली तरी तुमची विहीर पुरणार नाही. उरलेल्या पाण्यात ११२ झाडे बसतात. म्हणजे गायी की काजू हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे कोणती शंभर झाडे.

---

पाटावरची_सून | १० मार्च, रात्री ११:४१

आकडेमोड, हे तुम्ही फार चांगले केलेत. घरातला वाद यातच मिटावा.

---

हवामानवेडा | ११ मार्च, सकाळी ७:२०

हे ऊन येते कुठून ते सांगतो, कारण त्यावरून पाणी कोणत्या दिवशी द्यायचे ते ठरते.

एरवी आपल्याकडे सकाळी घाटावरून उतरणारे पूर्वेचे वारे असतात आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुरू होऊन पारा आवरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रवाऱ्याला दोन-तीन वाजेपर्यंत आत येऊ देत नाही. त्या दिवशी पणजीसारख्या किनाऱ्यावरच्या शहरातही पारा ३७-३८ ला जातो. हवा कोरडी, त्यामुळे पानांतून आणि मातीतून पाणी झपाट्याने उडते. सत्तरी तर समुद्रापासून लांब, तुमच्याकडे वारा पोचायला आणखी उशीर.

२०२३ चा फेब्रुवारी आठवा. १९०१ पासूनच्या नोंदीत देशभरातले फेब्रुवारीचे सरासरी कमाल तापमान त्या वर्षी सगळ्यांत जास्त होते, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हादईच्या जंगलात वणवे लागले. हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले होते.

असे कोरडे पूर्ववारे दोन-तीन दिवस टिकतात, मग मोडतात. अंदाजात तसे दिसले की आदल्या संध्याकाळी पाणी द्या. दुपारी दिलेले बरेचसे हवेत जाते.

---

जुना_बागायतदार | ११ मार्च, सकाळी १०:१५

माझे वय ७१. काजूला आम्ही आयुष्यात पाणी घातले नाही. पोर्तुगीजांनी हे झाड इथे आणले ते डोंगराची माती धरून ठेवायला, असे म्हातारे सांगत. जांभ्यात, कातळाच्या फटीत, जिथे दुसरे काही येत नाही तिथे काजू येतो. गावठी झाडाची मुळे कुठवर जातात ते विहीर खोदणाऱ्याला विचारा. पाण्याची सवय लावाल तर झाड वरच्या मातीतच मुळे पसरून बसेल आणि पुढच्या वर्षी जास्त रडेल.

बागायत साफ करा. पालापाचोळा गोळा करून जाळा, जमीन लख्ख ठेवा, म्हणजे पडलेली बी दिसते. मोलाने आलेली बाई पाल्यात बी शोधत बसली तर दिवसाची मजुरी फुकट.

---

आकडेमोड | ११ मार्च, सकाळी १०:४०

काका, गावठी झाडांबाबत सहमत. कलमाचे मात्र वेगळे. त्याला सोटमूळ तसे जोरकस नसते आणि पहिली चार-पाच वर्षे तर त्याला आधार लागतोच.

---

सड्यावरून | ११ मार्च, दुपारी १२:०२

काका, आदर ठेवून विरोध करतो. जाळू नका. कृपा करून मार्चमध्ये कोणीही काहीही जाळू नका.

आमच्या शेजारच्या बागायतीत असाच पाला पेटवला होता. माणसे उभी होती, पाण्याचे डबे होते, सगळे होते. वारा फिरला आणि अर्ध्या तासात आग आमच्या कुंपणात. ४० झाडे होरपळली. त्यांतली १५ पुन्हा फुटलीच नाहीत. सुक्या करडाला (डोंगरावरच्या गवताला) आग लागली की तिच्या पुढे धावता येत नाही. आमचे वडील त्या दिवशी फांदीने आग झोडपत होते आणि मी त्यांना मागे ओढत होतो, ते मी अजून विसरलो नाही.

आणि जाळल्यावर जमीन उघडी पडते. उघड्या जांभ्यात पाणी थांबते कुठे? गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तरी फाल्गुनात आपण टँकर शोधतो. पाणी पडते, राहत नाही. त्याला अडवणारी एकच वस्तू झाडाखाली फुकट मिळते, पाला, आणि आपण तीच जाळतो.

---

जुना_बागायतदार | ११ मार्च, दुपारी ४:३०

सड्यावरून, तुमच्या वडिलांवरचा प्रसंग वाचून वाईट वाटले. आमच्या वेळी वाड्यावरची वीस माणसे पाळीने उभी राहायची. आता घरटी एक म्हातारा उरला आहे, हे मी लक्षात घेतले नाही. जाळण्याचे म्हणणे मागे घेतो. पण बी दिसायला हवी, या अडचणीचे उत्तर कोणीतरी द्या.

---

सड्यावरून | ११ मार्च, संध्याकाळी ५:०८

काका, देव बरें करूं. आम्ही असे करतो. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंतची जमीन झाडून लख्ख ठेवायची, कारण बी तिथेच पडते. झाडलेला पाला उताराच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा चर काढून त्यात दाबायचा, नारळाची सोडणे असतील तर खाली घालायची. वर माती. सगळ्या बागायतीभोवती दहा-बारा हात रुंद पट्टा साफ. बी दिसते, पाला कुजतो, आग आत येत नाही. खर्च मजुरीचाच.

---

निवृत्त_पशुवैद्य | ११ मार्च, रात्री ८:४५

मोरडावरचा, काजूवर भरपूर बोलणे झाले, आता तुमच्या ११ लिटरकडे वळू.

दूध उतरण्याची तीन कारणे मला तुमच्या लिहिण्यात दिसतात. पहिले, उष्णता. संकरित गायीत जर्सीचे किंवा होल्स्टीनचे रक्त असते, तिला आपले दमट ऊन सोसत नाही. ती चारा कमी खाते, कारण चारा पोटात आंबताना अंगात आणखी उष्णता तयार होते. चारा कमी म्हणजे दूध कमी, फॅटही कमी. दुसरे, पाणी. दुभत्या गायीला उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर पाणी सहज लागते. तुम्ही दोन वेळा बादली दाखवत असाल तर ती बादली तिची तहान भागवत नाही. चोवीस तास समोर पाणी हवे, सावलीतले, गार. तिसरे, हिरवा चारा तुटला. नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही.

उद्यापासून हे करा. वैरणीचा मोठा भाग पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर द्या, दुपारी हलका हात ठेवा. गोठ्याच्या पत्र्यावर माडाच्या झावळ्या टाका. दुपारी बारा ते तीन ओले गोणपाट खिडकीला लावा, पण वारा अडवू नका. ओलावा कोंडला की उलटा त्रास. क्षार मिश्रण रोज, मीठही.

पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर वास उडू द्यायचा आणि थोडा थोडा सुरू करायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचा नाही. आणि युरियाचे पाणी गुराच्या तोंडाला चुकूनही लागू देऊ नका, ते विष आहे. पहिल्यांदा करताना जवळच्या पशुवैद्यकाला उभे करा.

तुमच्या पांढऱ्या गायीबद्दल एक प्रश्न. तिचे दूध किती उतरले?

---

मोरडावरचा | ११ मार्च, रात्री ९:१०

डॉक्टरसाहेब, ती अडीच लिटर द्यायची. आजही अडीचच देते. तुम्ही विचारले तेव्हा माझ्या लक्षात आले.

---

निवृत्त_पशुवैद्य | ११ मार्च, रात्री ९:२२

मला तेच वाटले होते. तशी पांढरी, बुटकी गाय म्हणजे बहुधा श्वेत कपिला. गोव्याची ही गाय करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. दूध थोडे, पण डोंगरावरचे सुके करड खाऊन, ऊन अंगावर घेऊन ते सातत्याने देते. तिच्या कालवडी विकू नका.

---

घाटावरचा_पाहुणा | ११ मार्च, रात्री १०:३६

मी मंगळवेढ्याचा. तुमचे ३००० मिलिमीटर वाचून डोळे विस्फारले, आमच्याकडे ५०० झाला तर पेढे वाटतात. एक शंका. मागे एका गोव्याच्या मित्राने सांगितले, 'आम्ही गुरांना तण घालतो.' मी म्हटले, शेतातले तण काढून गुरांना घालता? किती कष्टाळू माणसे!

सुक्या दिवसांतली एक गोष्ट आमच्याकडची सांगतो. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी गुरांनी खाल्ली तर किराळ लागते, जनावर तासाभरात आडवे होते. कोणी तुम्हाला स्वस्तात अशी खुरटलेली हिरवी ज्वारी वैरण म्हणून पाठवली तर घेऊ नका.

---

पाटावरची_सून | ११ मार्च, रात्री १०:५०

पाहुणे, आमच्याकडे तण म्हणजे वाळलेले गवत, पेंढासुद्धा! तुमच्या मित्राच्या गुरांचे पोट भरलेले होते, काळजी नको.

---

मिठागरातला | १२ मार्च, सकाळी ६:५५

सगळेच उन्हाला नावे ठेवताहेत म्हणून लिहितो. आमचे मिठागर आहे. आम्हाला हेच ऊन आणि हाच कोरडा वारा हवा. मार्च ते मे मीठ पिकते. एप्रिलमध्ये एक वळवाची सर आली की वाफ्यातले तयार मीठ विरघळते आणि पंधरा दिवसांचे काम पाण्यात जाते.

पण खाजनातल्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतातल्या) शेतकऱ्याची गोष्ट उलटी. खाजनातली माती सुकली की खालचा खार वर चढतो, जमिनीवर पांढरी साय दिसते. मानशीची (भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारे नीट नसतील, भरतीचे पाणी आत शिरत असेल तर आणखीच. पावसाने तो खार धुऊन निघाल्याशिवाय तिथे खार सोसणारे कोरगुट भातसुद्धा जोर धरत नाही. एकाच बांधाच्या या बाजूला मी ऊन मागतो आणि त्या बाजूला माझा मामा पाऊस मागतो. दोघेही एकाच देवळात जातो.

---

वायंगणवाला | १२ मार्च, सकाळी ९:३०

मिठागरातला, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा.

आमचे वायंगण (उन्हाळी भाताचे शेत) कालव्याच्या शेपटाला आहे. ज्योती जातीचे भात लावले होते. दाणा भरायच्या वेळी कालव्याला सलग अकरा दिवस पाणी नव्हते. कुठेतरी दुरुस्ती चालू होती, कधी संपणार ते संबंधित कचेरीत कोणी सांगितले नाही. चार फेऱ्या मारल्या. मळ्याला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. त्यात फुलोऱ्याला दुपारी ३५ च्या वर गेलेले तापमान. भाताचे फूल सकाळी दहाच्या सुमारास उमलते, तेव्हाच हवा तापलेली असली की परागकण मरतो आणि लोंबी उभीच्या उभी राहते. भरलेली लोंबी वाकते. आमचा मळा यंदा ताठ उभा आहे. लांबून बघणाऱ्याला वाटते, काय पीक आलेय.

मूळ प्रश्नाला माझे उत्तर: पेंढा आताच घेऊन ठेवा. आमच्यासारख्यांकडे यंदा दाणा नाही, पण पेंढा आहे. जूनपर्यंत भाव चढेल.

---

मोरडावरचा | १२ मार्च, सकाळी १०:०५

वायंगणवाला बाब, तुमचा पेंढा मी घेतो. गाडी घेऊन येतो, भाव तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

पेडण्याची_मिरची | १२ मार्च, दुपारी १:१५

आम्ही भात कापल्यावर मळ्यात मिरची आणि आळसांदे (चवळी) लावतो. आळसांद्याला पाण्याची एवढी चिंता नाही, मातीत राहिलेली ओल आणि पहाटेचे दंव यावर तो निभावतो. यंदा फेब्रुवारीतच दंव थांबले, शेंगा बोटभर लांबून थांबल्या. मिरचीवर फुलकिडे. कोरडी हवा त्यांना मानवते, पाने वर वळून होडीसारखी झाली आहेत.

त्यात आमची मिरची माणसे सोडून कोणाला आवडत नाही, पण पाणी सगळ्यांना हवे. खेती (माकडे) टोळीने येऊन ठिबकच्या नळ्या चावतात. पाणी नळीत आहे हे त्यांना कळले आहे!

---

पाटावरची_सून | १२ मार्च, दुपारी २:४०

आमच्याकडे गवे. परवा रात्री पाच गवे पाटावर पाणी पीत होते. पोफळीची तीन रोपे तुडवली. सासरे घराच्या पायरीवर बसून बघत राहिले, हाकलायला उठले नाहीत. वर डोंगरातली झर आटली, ते येणार कुठे, म्हणाले. मी रागावले होते, पण एका म्हशीबरोबर (गव्याच्या मादीला दुसरे काय म्हणू?) लहान पिल्लू होते, ते बघून माझाही आवाज बसला.

---

आरोग्यसेविका | १२ मार्च, संध्याकाळी ६:२०

धागा सकाळपासून वाचते आहे. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. मी सत्तरीत काम केले आहे.

हे कोरडे महिने माकडतापाचेही (गोचिडीतून होणाऱ्या तापाचेही) आहेत. गोव्यात तो २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात पहिल्यांदा दिसला. गोचिडीची बारीक पिल्ले जानेवारी ते मे या काळात पाल्यात असतात आणि नेमके तेव्हाच लोक काजू वेचायला त्या पाल्यात बसतात. गुरे रानात चरून गोचिडी अंगावर घेऊन घरी येतात. गुरे त्या तापाने आजारी पडत नाहीत, पण गोचीड वाहून आणतात.

म्हणून 'सड्यावरून' यांची पद्धत मला दुहेरी आवडली. झाडाखाली झाडलेली जमीन असेल तर वेचणारी बाई पाल्यात बसणार नाही. तरीही पूर्ण बाह्या, पायात मोजे, अंगाला डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारे), घरी येताच गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे वेगळे. रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात कळवा. ताप आला तर बागायतीत जात होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. एका घरात मी दोन माणसे एकाच आठवड्यात तापाने निजलेली बघितली आहेत. बिया वेचायच्या राहतील या भीतीने त्यांनी चार दिवस दाखवलेच नव्हते.

---

निवृत्त_पशुवैद्य | १२ मार्च, संध्याकाळी ७:०२

ताईंना पूर्ण अनुमोदन. संकरित गायींना गोचिडीमुळे थायलेरियाचाही ताप येतो. मोरडावरचा, दूध एकदम उतरले असेल तर थर्मामीटर लावून बघा. १०३ च्या वर असेल तर उन्हाला दोष देत बसू नका, डॉक्टर बोलवा.

---

माडांच्या_सावलीत | १२ मार्च, रात्री ९:४०

थोडे अवांतर. माड आज सुकलेला दिसत नाही म्हणून त्याला विसरू नका. माडाच्या पोटात पोयीचा (फुलोऱ्याचा) कोंब धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत साधारण ४४ महिने लागतात. यंदा ताण बसला तर आज बारीक फळे गळतील, पण खरा फटका पुढची दोन-तीन वर्षे येत राहील आणि तोवर आपण हा फाल्गुन विसरलेलो असू. दर माडाला आळे करून सोडणे खोलगट बाजू वर करून पुरा. भिजलेले सोडण आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी धरते.

पोफळीवाल्यांनी नैर्ऋत्येचे ऊन बघा. दुपारनंतरच्या उन्हाने त्या अंगाचे खोड करपते आणि चार वर्षांनी तिथेच मोडते. झावळी बांधा नाहीतर चुना लावा.

---

वेंगुर्ल्याजवळून | १३ मार्च, सकाळी ८:१०

सीमेपलीकडून हात वर करतो. मोरडावरचा, तुम्ही पहिल्या लिखाणात 'काळी पडून गळताहेत' असे लिहिले आहे. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. उन्हाने आणि ताणाने गळणारे फळ पिवळे पडून सुकते, त्यावर डाग नसतो. कोवळ्या बीवर, दांड्यावर काळे खोलगट चट्टे असतील आणि शेंडे जळल्यासारखे दिसत असतील तर तो ढेकण्या आहे, टी मॉस्किटो. त्याला पाणी घालून काही होणार नाही. खाली पडलेली शंभर फळे गोळा करा आणि वेगळी करून मोजा.

आंबा असेल तर तेही बघा. फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून सुपारीएवढी होईपर्यंत १५ दिवसांच्या अंतराने झाडाला दीडशे-दोनशे लिटर पाणी दिले तर गळ कमी होते. काढणीच्या महिनाभर आधी बंद.

---

मोरडावरचा | १४ मार्च, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस तुम्ही सांगितले ते करत होतो.

फळे मोजली. १०० पैकी ५४ वर काळे चट्टे. म्हणजे निम्मे नुकसान ढेकण्याचे आणि मी ते सगळे उन्हाच्या नावावर मांडत होतो. उद्या कृषी अधिकाऱ्यांना फांदी दाखवायला नेतो, फवारणी त्यांच्या सल्ल्याने.

दुसरे, चार झाडांखाली खणून बघितले. दोन झाडे वरच्या अंगाची, जिथे आम्ही गेल्या वर्षी पाला जाळला होता. तिथे दोन हात खणले तरी माती पिठासारखी. दोन झाडे ओहोळाच्या बाजूची, तिथे पाला तसाच पडून होता. वीतभर खाली गेलो आणि मुठीत माती दाबली तर गोळा झाला. फाल्गुनात, पाण्याचा थेंब न घालता. भावाला बोलावून त्याच्या हातात तो गोळा दिला. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्यानेच दाताळे काढले.

थर्मामीटर लावला, एका गायीला १०४.२ होता. डॉक्टर येऊन गेले, रक्त तपासायला घेतले, इंजेक्शन सुरू आहे. डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिले नसते तर मी आठवडाभर तिच्या पाठीवर पाणीच मारत राहिलो असतो.

---

निवृत्त_पशुवैद्य | १४ मार्च, रात्री ८:५१

कळवत राहा. तिला गूळ-पाणी द्या आणि सावलीतून हलवू नका.

---

डिचोली_ते_दुबई | १५ मार्च, सकाळी ९:००

रोज कामावर जाताना पहिला हा धागा उघडतो. गाय कशी आहे?

---

मोरडावरचा | १९ मार्च, रात्री ९:२५

ताप उतरला. आज तिने पहिल्यांदा हिरवळ मागून घेतली, हंबरली. आईने दृष्ट काढली.

---

आकडेमोड | १९ मार्च, रात्री ९:४०

छान बातमी. पाणी शेवटी कसे वाटलेत?

---

मोरडावरचा | २० एप्रिल, रात्री ८:१५

महिन्याने लिहितो, काजूच्या धांदलीत सवड मिळाली नाही.

आकडेमोड, पाणी तुमच्या हिशेबाने वाटले, थोडा फरक करून. गुरे आणि घर आधी. नेपियर पाच गुंठ्यांचा तीन गुंठ्यांवर आणला, उरलेला सोडून दिला, पावसात फुटेल. वाचलेले पाणी ओहोळाच्या बाजूच्या १२० कलमांना, दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी. गावठी झाडांना काका म्हणाले तसे काहीच घातले नाही. पाणी दिलेल्या कलमांची तिसऱ्या मोहराची फळे बऱ्यापैकी टिकली. वरच्या उताराच्या कलमांची फळे मात्र गेली, त्यांतली सहा कलमे पूर्ण वाळली. गावठी झाडांनी नेहमीच्या पाऊणपट दिले.

दूध आता साडेतेरा लिटरवर आहे. आजारी होती ती अजून पूर्ण भरली नाही. वायंगणवाल्यांच्या पेंढ्याची प्रक्रिया केली, २१ दिवसांनी उघडली, गुरे आवडीने खातात. माकडतापाच्या भीतीने वेचणाऱ्या बायकांना मोजे आणून दिले, आधी हसल्या, मग घातले.

परवा विजा चमकून वीस मिनिटे सर आली. मिठागरातला, तुमच्याकडे पोचली नसेल अशी आशा करतो.

---

मिठागरातला | २० एप्रिल, रात्री ८:४४

पोचली. दोन वाफे गेले, बाकीचे आदल्या दिवशीच ओढून झावळ्यांखाली झाकले होते. मामा खूश आहे.

---

जुना_बागायतदार | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

मोरडावरचा, वाळलेल्या सहा कलमांच्या जागी पावसात गावठी बी टाकून बघा, वाढल्यावर त्यावरच कलम बांधा. मूळ खोल जाईल. आणि ते अर्धचंद्राचे चर मीही या वर्षी काढणार आहे. माप काय ठेवलेत?

---

सड्यावरून | २१ एप्रिल, सकाळी ८:०५

काका, खोडापासून चार हात सोडून, उताराच्या वरच्या अंगाला. लांबी सहा हात, रुंदी एक हात, खोली एक हात. निघालेली माती खालच्या कडेला बांधासारखी लावायची. आता जमीन दगड झाली आहे, कुदळ लागणार नाही. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडून माती मऊ झाली की काढा. मी दोन माणसे घेऊन येतो, पहिले दहा चर मिळून काढू.

---

जुना_बागायतदार | २१ एप्रिल, सकाळी ८:२०

या. जेवायला आमच्याकडेच. हिला सांगून ठेवतो.